कुणाच्या रोझालीची ओझित

आन्स-रूज गावात जोसेफ आमिरो नावाची अकरा माणसं होती, आणि त्यांतल्या चौघांच्या घरी टेलिफोन होता. त्यामुळे कुणी फोन करून ‘जोसेफ आमिरोला द्या’ म्हणालं, की एक्स्चेंजवर बसलेली ओझित एकच प्रश्न विचारायची. “कुणाच्या कुणाचा?” मग पलीकडून उत्तर यायचं, “शार्लोच्या तीमोतेचा जोसेफ,” आणि ओझित योग्य भोकात योग्य पिन घालायची. सत्तावीस वर्षं तिने हे काम केलं. चुकीच्या घरी फोन लागल्याची एकही तक्रार आली नाही.

आडनावं मोजून सहासात, त्यातही निम्मं गाव आमिरो. नावं संतांची, तीच ती. तेव्हा माणूस ओळखायचा तो बापाच्या नावाने, आणि बापही पुरला नाही तर आज्याच्या नावाने. लहान मूल बोलायला लागलं की आधी ही साखळी पाठ करायचं, मग प्रार्थना.

गावात ओझित दोन होत्या. एक प्लासिदच्या दोसितेच्या शार्लची ओझित. तिची साखळी चार कड्यांची, दणकट. आणि दुसरी ही, टेलिफोनवाली. हिचा बाप न्यूफाउंडलंडकडचा खलाशी. त्याचं आडनाव गावात कुणाच्या जिभेवर बसेना, आणि ही दोन वर्षांची असताना तो बुडाला. म्हणून हिची साखळी आईवरून. रोझालीची ओझित. पण रोझाली कुणाची? चर्चच्या वहीत, १८९३ सालच्या पानावर, रोझालीच्या बाप्तिस्म्यासमोर पाद्रीने स्वच्छ अक्षरात ‘बाप अज्ञात’ लिहून ठेवलं होतं. साखळी तिथेच तुटलेली.

ओझित नऊ वर्षांची असताना आईने तिला धक्क्यावर मासळी आणायला पाठवलं. तिथे एलिझे आमिरो होड्यांतून हेरिंग उतरवून घेत होता. सगळ्यांसमोर त्याने विचारलं, “तू कुणाची गं?”

“रोझालीची ओझित.”

“कुणाच्या रोझालीची?”

माणसं हसली. एलिझेने तिच्या टोपलीत हेरिंग टाकले, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच प्रश्न विचारला. मग त्याच्या पुढच्याही आठवड्यात. ओझितने घरी येऊन आईला विचारलं, तर आई म्हणाली, “हेरिंग ताजे आहेत का बघ.” मरेपर्यंत आईने या विषयावर दुसरं वाक्य उच्चारलं नाही.

आपोआप लागणारे टेलिफोन आले आणि एक्स्चेंज बंद झालं, तेव्हा ओझित पंचेचाळीस वर्षांची होती. लग्न केलेलं नव्हतं. अख्ख्या गावाच्या साखळ्या डोक्यात होत्या. तिने बुटांची रिकामी खोकी गोळा केली, कोरी कार्डं आणली आणि एकेका माणसाचं एकेक कार्ड करायला घेतलं. नाव, जन्म, बाप, आई, लग्न, मृत्यू, आणि शेवटच्या ओळीत हे कशावरून कळलं ते. नियम साधा. दोन कागद असतील तर शाई. एकच कागद असेल किंवा नुसतं ऐकीव असेल तर पेन्सिल. काहीच नसेल तर जागा कोरी. पहिल्याच खोक्यात तिच्या आईचं कार्ड होतं. त्यावर बापाची जागा कोरी होती.

हे काम गावाला आधी गमतीचं वाटलं, मग उपयोगाचं, आणि मग त्याचा धाक वाटायला लागला. कारण अठराव्या शतकातल्या मोठ्या हकालपट्टीत इंग्रजांनी इथल्या फ्रेंच लोकांना जहाजांवर कोंबून देशोधडीला लावलं, तेव्हा जुन्या वह्या काही जळाल्या, काही गडप झाल्या. जे परतले ते जंगलातून चालत परतले. पुढची तीस वर्षं इथे कायमचा पाद्री नव्हता. त्या काळात जन्मलेल्यांचे बाप कोण, हे प्रत्येक घराने आपापल्या सोयीने ठरवून घेतलेलं. ओझितने ते एकेक करून तपासलं आणि बऱ्याच ठिकाणी घरांनी पक्कं धरलेलं पेन्सिलवर आणलं. दुकानवाल्या मेलांसोंचा कप्तान पूर्वज तिने असाच पुसला. तेव्हापासून मेलांसों तिला ब्रेड देताना तळाचा, दबलेला ब्रेड काढून द्यायचा.

एकदा दफनभूमीत एका दगडावर चुकीचा बाप कोरला गेला आणि दोन घराण्यांत चर्चच्या पायरीवर मारामारी झाली. तेव्हा फादर लेआंद्र यांनी ठरवून टाकलं की यापुढे कोणाही पूर्वजाचा दगड बसवायचा असेल तर आधी ओझितची सही हवी. फादरना वाटलं, कटकट मिटली. खरं तर त्यांनी ती एका बाईच्या अंगणात नेऊन टाकली होती.

१९८८च्या मे महिन्यात ॲन्सेल्म आमिरो तिच्या स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. ॲन्सेल्म म्हणजे त्याच हेरिंगवाल्या एलिझेचा मुलगा. वय त्रेसष्ट, शेवंडांच्या दोन बोटी, गावच्या सभागृहाच्या समितीचा अध्यक्ष, आणि आवाज असा की धक्क्यावर बोलला तर चर्चमध्ये ऐकू यावा. हातात एक कागद होता.

“सही कर,” तो म्हणाला.

“कशावर?”

“आमच्या ऑलिव्हिएच्या दगडावर. पंधरा ऑगस्टला बसवायचाय. अमेरिकेतून, लुईझियानातून आमिरो येणार आहेत. तीनशे माणसं.”

ओझितने चष्मा लावून कागद वाचला. ‘ऑलिव्हिए आमिरो, परत आलेल्या शार्लचा मुलगा.’ हकालपट्टीनंतर बोस्टनकडून चालत परतलेला पहिला माणूस म्हणजे हा शार्ल. गावातल्या प्रत्येकाला त्याचा वंशज व्हायचं होतं.

“ऑलिव्हिए इथला होता हे खरं,” ओझित म्हणाली. “शार्लचा होता हे खरं नाही.”

“काय म्हणालीस?”

“बस. नको बसू, उभ्यानेच ऐक. ऑलिव्हिएच्या बाप्तिस्म्याची नोंद नाही. शार्लच्या मुलांच्या यादीत त्याचं नाव नाही. आहे ती लग्नाची नोंद, सतराशे त्र्याण्णवची. बायको मडलेन. ही मडलेन शार्लच्या सख्ख्या भावाची नात. ऑलिव्हिए शार्लचा मुलगा असता तर ती त्याच्या चुलतभावाची मुलगी झाली असती. एवढ्या जवळच्या नात्यात लग्न लावायचं तर पाद्रीकडून सूट घ्यावी लागते, आणि नोंदीत तसं लिहावं लागतं. ही बघ नोंद. सूट आहे कुठे?”

“विसरला असेल लिहायला.”

“पाद्री जेवायला विसरेल, सूट लिहायला विसरणार नाही. सूट नाही म्हणजे नातं नाही. नातं नाही म्हणजे शार्लचा मुलगा नाही. तुमचा ऑलिव्हिए कुठला तरी दुसराच आमिरो. पेन्सिल.”

ॲन्सेल्मचा चेहरा उकडलेल्या शेवंडासारखा लाल झाला. “दगड कापून झालाय,” तो म्हणाला. “अक्षरंसुद्धा कोरून झालीत.”

“मग त्याची पायरी कर.”

“म्हातारे, तुझं पोट कशाने दुखतंय ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. स्वतःच्या आईच्या बापाचा पत्ता नाही, म्हणून दुसऱ्यांचे बाप खोडत बसतेस.”

“दार तिकडे आहे. आणि जाताना बूट पूस. येताना पुसले नाहीस.”

तो कागद टेबलावरच टाकून, बूट न पुसता गेला. ओझितने फरशी पुसली आणि ऑलिव्हिएचं कार्ड काढून पेन्सिलीने लिहिलं, ‘शार्लचा नव्हे.’ लिहिताना तिला बरं वाटलं. हे तिने पुढे स्वतःच फादरना सांगितलं, की फार बरं वाटलं.

जूनमध्ये चर्चमधल्या तिच्या बाकावर तिच्या शेजारी कुणी बसेनासं झालं. जुलैत तिच्या टपालपेटीत शेवंडांची कुजकी टरफलं निघाली. तिने ती सांडशीने उचलली, बादलीत भरली आणि भर दुपारी ॲन्सेल्मच्या दारात नेऊन ओतली. ॲन्सेल्मची बायको खिडकीतून बघत राहिली. 

फादर लेआंद्र दोनदा घरी येऊन गेले.

“ओझितबाई, थोडं नमतं घेता येईल का? ‘शार्लचा मुलगा’च्या जागी ‘शार्लच्या घराण्यातला’ असं काही?”

“फादर, तुम्ही वेदीवरून ‘बहुधा देव आहे’ असं म्हणता का?”

“तसं नाही, पण ॲन्सेल्मची आई एक्याण्णव वर्षांची आहे. तिला तो दगड बघायचाय.”

“बघू दे की. समितीच्या शेडमध्ये पडलाय.”

जुलैच्या शेवटच्या रविवारी मिसा संपल्यावर वीसपंचवीस आमिरो पातेली, झाकणं, पत्र्याचे डबे घेऊन तिच्या घरासमोर जमले. पंधरा ऑगस्टला सगळं गाव असा गोंगाट करत रस्त्याने फिरतं, आम्ही अजून इथेच आहोत हे जगाला कळावं म्हणून. तो आनंदाचा गोंगाट. हा तसा नव्हता. पूर्वी म्हाताऱ्याने कोवळ्या पोरीशी लग्न केलं की त्याच्या दारात गाव असं वाजवायचं, लाज आणायला. तासभर त्यांनी झाकणं बडवली. मध्येच कुणीतरी ओरडलं, “कुणाच्या रोझालीची?” आणि बाकीच्यांनी त्यावर ताल धरला.

ओझित खिडकीशी खुर्ची घेऊन बसली आणि कोण कोण आलंय त्याची यादी केली. एकेकाचं नाव साखळीसकट. यादी पूर्ण झाल्यावर तिने पडदा ओढला. 

त्या यादीतल्या प्रत्येकाला गप्प करायचं, असं तिने ठरवलं. लग्नाची नोंद पुरेशी होतीच, पण दुसरा कागद मिळाला तर ऑलिव्हिए शार्लचा नव्हे हे तिला शाईने लिहिता आलं असतं. तिने विचार केला, ऑलिव्हिएच्या थोरल्या मुलाचा धर्मपिता, म्हणजे बाप्तिस्म्याला त्याच्यासाठी उभा राहिलेला, कोण होता? रिवाजाप्रमाणे पहिल्या मुलाचा धर्मपिता बापाच्या घरचा. तिथे शार्लच्या घरचं कुणी नसेल तर प्रश्न मिटला.

कॉलेजच्या संग्रहात जुन्या वह्यांच्या फिल्म होत्या. ऑगस्टच्या दुसऱ्या तारखेला ती टपालाच्या गाडीतून तिथे गेली. संग्रह सांभाळणाऱ्या बाईने बाप्तिस्म्याची फिल्म काढून दिली आणि म्हणाली, “ही मागणाऱ्या तुम्ही अकरा वर्षांत पहिल्याच.” ओझित यंत्रासमोर बसून हळूहळू चाक फिरवू लागली. फ्रान्सहून आलेला कायमचा पाद्री या किनाऱ्यावर १७९९ साली पोचला, तिथपासून. लहानमोठी मुलं रांगेने आणली होती लोकांनी, त्यांतली काही दाढी फुटायच्या वयाची.

सप्टेंबरच्या एका पानावर ऑलिव्हिए सापडला. तीन मुलांचा बाप्तिस्मा एकाच नोंदीत होता, आणि नोंद फार लांब होती. तिने वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग बोट ठेवून एकेक शब्द वाचला.

पाद्रीने लिहिलं होतं की शार्ल आमिरो आणि मयत मारी म्यूज यांचा मुलगा ऑलिव्हिए, आणि मडलेन, यांनी सहा वर्षांपूर्वी ऑक्टोबरात, पाद्री नसल्यामुळे, गावच्या वडीलधाऱ्यासमोर एकमेकांना वचन दिलं. त्यांच्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचं, म्हणजे चुलत काका-पुतणीचं, नातं असल्याचं त्यांनी शपथेवर सांगितलं. त्याची सूट देऊन आज त्यांच्या लग्नाला आशीर्वाद दिला, आणि त्यांच्या तीन मुलांचा बाप्तिस्मा केला. थोरल्याचा धर्मपिता बाझिल आमिरो, मुलाचा चुलता, शार्लचा मुलगा.

ओझितने चाकावरचा हात काढला.

लग्न दोनदा लागलं होतं. एकदा वडीलधाऱ्यासमोर, एकदा पाद्रीसमोर. त्या तीस वर्षांत सगळ्यांचीच लग्नं अशी लागत, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण १७९३च्या पानावर सर्वांत वर एका फिरत्या पाद्रीचं नाव होतं आणि खाली नऊ लग्नं. तिने नऊच्या नऊ त्याच्या नावावर धरली. तो पाद्री जुलैत निघून गेला होता. ऑलिव्हिएचं लग्न ऑक्टोबरातलं, वडीलधाऱ्याने त्याच पानावर खाली लिहिलेलं. तिने साल बघितलं, महिना बघितला नाही. सूट नव्हती, कारण सूट देणाराच तेव्हा गावात नव्हता. आणि नंतरचा आशीर्वाद लग्नांच्या वहीत न जाता बाप्तिस्म्याच्या वहीत गेला होता, तिथे तिने कधी बघितलंच नव्हतं.

“मिळालं का हवं ते?” बाईने विचारलं.

“नाही,” ओझित म्हणाली. “त्याची प्रत काढून द्या.”

घरी आल्यावर तिने ती प्रत पिठाच्या डब्याखाली ठेवली. चार दिवस तिथेच ठेवली. ती तिथे आहे हे जगात कुणाला ठाऊक नव्हतं. अकरा वर्षांत पहिलीच. आणखी अकरा वर्षं कुणी ती फिल्म मागितली नाही तर? पंधरा ऑगस्ट निघून जाईल. तीनशे आमिरो येतील, शेडमधला दगड बघतील आणि परत जातील. ॲन्सेल्मचं नाक खाली होईल. धक्क्यावरचे हेरिंग, टपालपेटीतली टरफलं, झाकणांचा तो ताल, सगळ्याची परतफेड.

पाचव्या दिवशी तिने पीठ काढायला डबा उचलला आणि प्रत हातात आली. तिने ती पुन्हा वाचली. ऑलिव्हिएला बाप होता. चुलता होता. कुणीतरी शपथेवर सांगितलं होतं, कुणीतरी लिहून घेतलं होतं, आणि दोनशे वर्षांनी एका बाईने त्याच्या कार्डावर ‘नव्हे’ लिहिलं होतं. आपल्या आईच्या बाप्तिस्म्याच्या वेळी तो पाद्री पेन हातात घेऊन असाच बसला असेल. त्याला ‘अज्ञात’ लिहायला किती वेळ लागला असेल? बाहेर अंगणात निम्म्या गावाला बाप ठाऊक असेल आणि आत हा शाईत पेन बुडवत असेल.

“मेल्या ॲन्सेल्मा,” ती मोठ्याने म्हणाली. घरात दुसरं कुणी नव्हतं.

लग्नाची नोंद आणि ही नोंद, दोन कागद आता एकमेकांना जुळत होते. तिने कार्ड काढलं, पेन्सिलीचं खोडलं आणि शाईने ‘शार्लचा मुलगा’ लिहिलं.

चौदा तारखेला दुपारी सभागृहात मोठं जेवण होतं. बाहेरगावचे आमिरो यायला लागले होते. बायकांनी सकाळपासून पोतंभर बटाटे किसून, पिळून, त्यात कोंबडी घालून रापूरच्या मोठ्या परातींमध्ये भाजून काढलं होतं. ओझित दारातून आत आली आणि दारापासून बोलणं थांबत थांबत पार भटारखान्यापर्यंत गेलं.

टेबलाच्या टोकाशी ॲन्सेल्मची आई एक्सिल्दा बसली होती. गाव तिला मेमेर म्हणायचं, म्हणजे आजी. तिच्या शेजारी ॲन्सेल्म उभा होता. हातात मोठा डाव.

“काय हवंय?” तो म्हणाला.

“फादर आहेत का? बरं झालं, आहेत. हा कागद मोठ्याने वाचायचाय.”

तिने वाचला. एकदा फ्रेंचमध्ये जसा होता तसा, आणि मग बाहेरगावच्यांना समजावा म्हणून सोपा करून. वाचून झाल्यावर तिने खिशातून ॲन्सेल्मचा मे महिन्यातला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. खाली तिची सही होती.

कुणी टाळी वाजवली नाही.

“म्हणजे तुझी चूक झाली,” ॲन्सेल्म म्हणाला.

“झाली. साल बघितलं, महिना बघितला नाही.”

“ऐकू आलं नाही मागे.”

“माझी चूक झाली!” ती ओरडली. भटारखान्याच्या दारात उभ्या बायका खुदखुदल्या. मेलांसों तर मांडीवर थाप मारून हसला.

“आता माफी माग.”

“माफी ऑलिव्हिएची मागितली, काल, त्याच्या जागेवर जाऊन. तुझी कशाबद्दल? तू कागद न बघता दगड कापलास. तुला काही माहीत नव्हतं, ॲन्सेल्म. तू नुसता खरा ठरलास.”

“मस्ती बघा हिची! सगळ्या गावासमोर तोंडावर आपटली तरी मस्ती बघा! कुणाच्या तरी रोझालीची…”

“मॅक्सिमच्या,” मेमेर एक्सिल्दा म्हणाली.

तिने ते मोठ्याने म्हटलं नव्हतं. पण एक्याण्णवाव्या वर्षी माणूस सभेत बोलायला लागला की लोक गप्प बसतात. तिने चमचा टेबलावर आपटला आणि पुन्हा म्हणाली, “शार्लोच्या मॅक्सिमच्या रोझालीची ओझित. उभी काय राहिलीस? खाली बस. रापूर गार होतंय.”

मॅक्सिम म्हणजे एलिझेचा बाप. ॲन्सेल्मचा आजा. मेमेरचा सासरा.

ॲन्सेल्मच्या हातातला डाव तिरका झाला आणि रस्सा त्याच्याच बुटावर सांडला. “मां, काय बोलतेस हे?”

“तुझ्या बापाने मरेपर्यंत मला बोलू दिलं नाही ते. लग्नाच्या आधीची भानगड होती म्हाताऱ्याची. रोझालीच्या आईला गप्प बसवलं, पाद्रीला गप्प बसवलं. तुझ्या बापाला ठाऊक होतं. म्हणून तर तो त्या पोरीला दिसेल तिथे टोचायचा. आधी आपण विचारलं की मग आपल्याला कुणी विचारत नाही.”

“आणि आज आठवण झाली?”

“आज तुझा दगड पक्का झाला. आता बोलले तर नात्यातलीने सही दिली म्हणून त्याला कुणी नावं ठेवणार नाही.” मेमेर ओझितकडे वळली. “गैरसमज नको. मला तू आवडत नाहीस. तुझी आईही आवडायची नाही, मान फार ताठ होती. मान कुठून आली ते मला दिसायचं, म्हणूनही असेल.”

ओझित टेबलाची कड धरून उभी होती. साठ वर्षं ती ज्या शब्दाची वाट बघत होती तो शब्द खोलीत येऊन पडला होता, आणि तो एलिझेच्याच घरातून यायचा होता.  मग तिने विचारलं, “कागद आहे?”

“कसला कागद?”

“पत्र. मृत्युपत्र. बाप्तिस्म्यात समासात काही लिहिलेलं.”

“वेडी का तू? माझ्या सासूने सांगितलं. असेच बटाटे किसत होतो आम्ही.”

“कोणत्या साली?”

“एकोणीसशे वीस. नाहीतर एकवीस.”

“म्हणजे ऐकीव.”

“ऐकीव,” मेमेर म्हणाली. “घे नाहीतर सोड.”

“आणि आता ही आमच्या टेबलावर बसणार?” ॲन्सेल्मने सगळ्यांना विचारलं.

“बसायचं असतं तरी तुझ्या शेजारी बसले नसते,” ओझित म्हणाली. तिने कोट घेतला. दारापर्यंतची वाट लोकांनी मोकळी करून दिली. कुणाच्या मनात काय होतं कोण जाणे, पण तिला वाट देताना या वेळी कुणी तोंड फिरवलं नाही.

घरी येऊन तिने पहिलं खोकं काढलं. पंचवीस वर्षं कोरी असलेली ओळ समोर घेतली. पेन्सिलीला टोक केलं आणि लिहिलं, ‘मॅक्सिम आमिरो’. शेवटच्या ओळीत लिहिलं, ‘एक्सिल्दा, वय ९१, हिने आपल्या सासूकडून ऐकलेलं. सभागृहात सर्वांसमोर सांगितलं. कागद नाही.’ मॅक्सिमचं कार्ड तिच्याकडे होतंच. त्याच्या वर शार्लो, त्याच्या वर दुसरा एक, आणि त्याच्या वर ऑलिव्हिए, गेल्या आठवड्यात तिनेच शाईने लिहिलेला. अक्षर अजून गडद दिसत होतं.

दगड दुसऱ्या दिवशी बसला. ओझित दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभी राहून बघत होती. आत ये असं तिला कुणी म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तर ती गेली नसती.

त्यानंतर ती आठ वर्षं जगली. त्या आठ वर्षांत मॅक्सिमसाठी तिने चार गावांच्या वह्या, दोन वकिलांची दप्तरं आणि एका मठातली पत्रं चाळली. दुसरा कागद सोडाच, पहिलाही मिळाला नाही. ॲन्सेल्मने तिच्याशी शब्द काढला नाही. मेलांसों मात्र वरचा ब्रेड देऊ लागला, त्याने हिशोब कसा केला कुणास ठाऊक.

मरताना तिने फादर लेआंद्र यांच्याकडे एक चिठ्ठी देऊन ठेवली होती. ‘माझ्या दगडावर आईचं नाव घालावं. आईच्या बापाचं घालू नये. नियम सगळ्यांना एकच.’ त्याप्रमाणे दगडावर ‘ओझित, रोझालीची मुलगी’ एवढंच आहे.

खड्डा खणायच्या दिवशी खणणाऱ्या माणसाला नीट निरोप मिळाला नव्हता. दफनभूमीत ॲन्सेल्म होता, आईच्या थडग्यावरचं गवत काढत. खणणाऱ्याने फावडं टेकवून त्याला विचारलं, “ओझित गेली म्हणे. कुठली? प्लासिदच्या दोसितेच्या शार्लची का?”

ॲन्सेल्मने मान वर केली नाही. गवताची मूठ उपटली, मुळांची माती झटकली.

“नाही,” तो म्हणाला. “मॅक्सिमच्या रोझालीची.” आणि बाजूला थुंकून पुन्हा गवत उपटायला लागला.